आठ महिने एकच अल्बम : पियानोला भाता मिळतो तेव्हा

हा अल्बम मी पहिल्यांदा अर्धवट बंद केला होता, हे आधीच सांगते. गेल्या जूनमध्ये शिकवणीच्या एका मुलाने पाठवला. "ताई, तुम्ही ऐकाच," एवढंच लिहिलं होतं. दुसरी रचना चालू असताना मी तो थांबवला आणि भाजी चिरायला गेले. हॉटेलच्या लॉबीत मंद आवाजात लावतात तसलं काहीतरी वाटलं होतं. त्यानंतर आठ महिन्यांत तो शंभरएक वेळा तरी पूर्ण ऐकून झाला असेल. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहावासा वाटला.

अल्बम आहे 'बिल एव्हन्स ट्रायो विथ सिम्फनी ऑर्केस्ट्रा'. १९६५च्या शेवटच्या काही महिन्यांत न्यू जर्सीत, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि १९६६ साली व्हर्व कंपनीने काढला. पियानोवर अमेरिकन जॅझ वादक बिल एव्हन्स, डबल बासवर चक इझरेल्स, ड्रम्सवर लॅरी बंकर आणि काही ठिकाणी ग्रेडी टेट. ऑर्केस्ट्राची मांडणी आणि संचालन क्लाउस ओगरमन यांचं. एकूण आठ रचना. त्यातल्या पाच ग्रानाडोस, बाख, स्क्रियाबिन, फोरे आणि शोपँ या युरोपीय शास्त्रीय संगीतकारांच्या सुरावटींवर बेतलेल्या, दोन स्वतः एव्हन्स यांच्या आणि एक ओगरमन यांची. सगळं पाऊण तासाच्या आत संपतं.

माझ्याबद्दल थोडं सांगते, कारण माझं मत कुठून येतंय ते कळायला हवं. मी पेटी वाजवते. ठाण्यात नौपाड्यात राहते, घरी शिकवण्या घेते, आठवड्यातून तीन दिवस वाशीला क्लासवर जाते आणि गाण्याच्या कार्यक्रमांना साथ करते. जॅझचं शिक्षण शून्य. पाश्चात्त्य संगीत कानावर आलं ते हिंदी गाण्यांमधून. व्हायोलिनांचा मोठा ताफा म्हटलं की मला शंकर-जयकिशन यांची गाणी आठवतात आणि ती व्हायोलिनं मांडणारे सेबॅस्टियन डिसोझा आठवतात. आपल्या कानाची सवयच तशी झाली आहे. गायक ओळ संपवतो, व्हायोलिनं उसळी मारून येतात, म्युझिक पीस होतो, गायक पुन्हा सुरू करतो. मी पहिल्यांदा ऐकताना याच उसळीची वाट पाहत होते. ती आली नाही, म्हणून मला ते सपक वाटलं.

दुसऱ्यांदा ऐकलं ते निव्वळ सोयीसाठी. ठाणे ते वाशी हा ट्रान्स-हार्बरचा प्रवास साधारण अर्ध्या तासाचा. मोबाइलमध्ये तेवढ्याच लांबीचं उतरवून ठेवलेलं दुसरं काही नव्हतं. पण लोकलमध्ये हा अल्बम नीट ऐकू येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. त्यात हळू आवाज अगदी हळू आहेत. गाडी दिघ्याकडे वेग घेते तेव्हा नुसता बास थडथडत राहतो आणि पियानोची उजव्या हाताची नाजूक कामं डब्यातल्या गोंगाटात बुडतात. माझे तेव्हाचे इयरफोन बास फुगवून दाखवणारे होते, त्यामुळे व्हायोलिनं तर पार मागे ढकलली गेली. तीन महिन्यांत त्यांची डावी बाजू बंद पडली. दुकानदाराने पावती बघून "वॉरंटीत येत नाही" म्हटलं, तेव्हा वाईट वाटलं खरं. पण त्यानंतर घेतलेल्या साध्या, कानावर बसणाऱ्या हेडफोनवर हा अल्बम पहिल्यांदा उलगडला.

खरं ऐकणं झालं ते घरी, रात्री अकरानंतर. शेजारच्या दोन इमारतींचं रिडेव्हलपमेंट चालू आहे. दिवसभर ब्रेकर चालतो, भिंती हादरतात. रात्री तो थांबला की कान असे रिकामे होतात की पंख्याचा आवाजही मोठा वाटतो. ऑगस्टमधल्या अशाच एका रात्री पाऊसही थांबला होता आणि मी 'टाइम रिमेम्बर्ड' ही चौथी रचना लावली. तिथे मला कळलं की ही व्हायोलिनं इथे नेमकं काय करतायत.

पियानोचा सूर एकदा वाजला की वाजला. हातोडी तारेवर आपटते आणि त्याच क्षणापासून सूर विरायला लागतो. पेडल दाबून तो लांबवता येतो, पण वाढवता येत नाही. पेटीचं बरोबर उलटं. पट्टीवर बोट ठेवून भाता चालू ठेवला की सूर हवा तितका वेळ उभा राहतो. डाव्या हाताने जोर दिला की फुलतो, सोडला की दबतो. पण बोटाच्या स्पर्शाला पेटी दाद देत नाही. हळू ठेवा, जोरात ठेवा, सूर तोच. म्हणजे पियानोकडे स्पर्श आहे आणि भाता नाही, पेटीकडे भाता आहे आणि स्पर्श नाही. सव्वीस वर्षं पेटी वाजवताना माझ्या मनात ही एक जुनी खंत आहे.

ओगरमन यांनी पियानोला भाता दिला आहे. एव्हन्स एक कॉर्ड, म्हणजे एकत्र दाबलेले काही सूर, वाजवतात, ती विरत जाते, आणि ती पूर्ण विझण्याआधी तिच्याखालून व्हायोलिनं इतकी अलगद येतात की तोच सूर पुन्हा फुलायला लागल्यासारखा वाटतो. गज तारेवर कधी टेकला ते कळत नाही. त्या रात्री मी तेवढाच तुकडा सात-आठ वेळा मागे नेऊन ऐकला. व्हायोलिनं नेमकी कुठे सुरू होतात ते मला पकडायचं होतं. दोनदा वाटलं की सापडलं, पण नाही.

दुसऱ्या दिवशी मी पेटी काढली. माझी पेटी खर्ज-नरची, म्हणजे खालच्या आणि मधल्या सुरांच्या दोन संचांची, सव्वातीन सप्तकांची. या रचनेतल्या कॉर्ड माझ्या विद्यार्थ्याने लिहून दिल्या आणि एक गमतीची गोष्ट सांगितली. आपण कॉर्ड वाजवताना एक ताणणारी कॉर्ड येते आणि मग ती घरी परतते, गाण्यात समेवर आल्यासारखं. पाश्चात्त्य संगीतात तिला डॉमिनंट म्हणतात. 'टाइम रिमेम्बर्ड'मध्ये ती ओढ लावणारी कॉर्डच नाही. सगळ्या कॉर्ड मेजर सेव्हन्थ आणि मायनर सेव्हन्थ जातीच्या. म्हणून ती रचना कुठे टेकत नाही, एका घरातून दुसऱ्या घरात जात राहते. हे कळल्यावर मला माझ्या पहिल्या दिवसाच्या अस्वस्थतेचं कारण कळलं. कान समेची वाट पाहत होता आणि सम येतच नव्हती.

पेटीवर ते वाजलं का? नाही. एक हात भात्यावर, म्हणजे चार-पाच सुरांची कॉर्ड एकाच हातात धरायची. तीही कशीबशी जमली, पण पेटीत सगळे सूर एकाच ताकदीने उभे राहतात आणि दाट कॉर्ड घोगरी होते. पियानोवर तीच कॉर्ड सुंदर वाटते, कारण एव्हन्स एका कॉर्डमधल्या पाच सुरांना पाच वेगळी वजनं देतात. वरचा सूर किंचित जास्त उजळ, आतले मंद. हे मी वाचलं होतं, पण स्वतःच्या हाताने फसल्यावर पटलं.

अजून एक गोष्ट आपल्या कानाला खटकेल. डावा हात बऱ्याचदा षड्ज वाजवतच नाही. कॉर्डचा मूळ सूर बासवाल्यासाठी सोडून दिलेला असतो. आपण तानपुऱ्याच्या पोटात वाढलेली माणसं, आपल्याला पायाखाली 'सा' लागतो. इथे तो पियानोत शोधू नका, चक इझरेल्स यांच्या बासमध्ये शोधा. मी दोन महिने मुद्दाम फक्त बास ऐकला. त्यानंतर सगळी इमारतच वेगळी दिसायला लागली. एव्हन्स यांच्या त्रिकुटाची हीच खासियत होती की तिघं एकमेकांशी बोलतात. त्यांचे आधीचे बासवादक स्कॉट लाफारो १९६१ साली मोटार अपघातात गेले. त्यानंतर एव्हन्स कित्येक महिने वाजवू शकले नाहीत, आणि मग इझरेल्स आले. ते जास्त बोलत नाहीत, पण जिथे हवेत तिथे असतात. साथीदार म्हणून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटतो.

बाकी रचनांपैकी 'व्हाल्स' ही माझी रोजची. बाखच्या नावावर असलेल्या फ्लूट सोनाटातली सिसिलियानो, म्हणजे झुलत्या लयीचा संथ भाग, तिचा पाया आहे. तीनाच्या लयीत चालते, त्यामुळे दादऱ्यात मुरलेल्या हाताला लगेच ओळखीची वाटते. नवीन माणसाने इथून सुरुवात करावी. 'एलेजिया' ही ओगरमन यांची स्वतःची रचना ऐकायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. शोपँच्या पहाडासारख्या जड प्रेल्यूडवर, म्हणजे पियानोच्या एका छोट्या रचनेवर, आधारलेली शेवटची 'ब्लू इंटरल्यूड' मात्र पहिल्यापासून आवडली. मूळ प्रेल्यूड अवघ्या तेरा मात्राखंडांचं आहे. त्यातून त्रिकुट हळूहळू चालायला लागतं, तेव्हा शोकसभेतून उठून कुणीतरी रस्त्यावर आल्यासारखं वाटतं.

आता न आवडलेलं. फोरेची 'पावान' मला अजूनही पटलेली नाही. मूळ सुरावट एवढी स्वयंपूर्ण आहे की तिच्यावर ड्रम्सचा ठेका आला की ती उगीच घाईत असल्यासारखी वाटते. काही ठिकाणी व्हायोलिनांचा वरचा पट्टा टोकदार येतो, लहान स्पीकरवर तर जास्तच. आणि एव्हन्स यांना मोकळेपणाने वाहू देणाऱ्या त्यांच्या नुसत्या त्रिकुटाच्या ध्वनिमुद्रणांपेक्षा इथे त्यांना वळणं ठरवून दिलेली आहेत, हे मान्य करायला हवं. ज्यांना जॅझ म्हणजे मुक्त उडाण हवं त्यांना हे बांधलेलं वाटेल. मला ते बांधलेपण आवडतं, कारण माझा सगळा जन्म दुसऱ्याच्या गाण्याच्या चौकटीत वाजवण्यात गेला.

मोफत अ‍ॅपवर ऐकत असाल तर एक सूचना. दोन रचनांच्या मध्ये जाहिरात आली की हा अल्बम अक्षरशः मोडतो. मी शेवटी पैसे भरून विकत घेतला, आणि आठ महिन्यांच्या हिशेबात तो मला चहापेक्षा स्वस्त पडला.

आई शहात्तर वर्षांची आहे. तिला गाणं म्हणजे भावगीत आणि नाट्यगीत. डिसेंबरात एका संध्याकाळी ती मेथी निवडत बसली होती आणि मी हेडफोनऐवजी स्पीकरवर लावलं. कंटाळेल म्हणून मी बंद करायला उठले. ती जुडीवरून नजर न उचलता म्हणाली, "राहू दे गं. हा माणूस वाजवता वाजवता थांबतो, ते बरं वाटतं." मला इतके महिने लागले ते तिला एका जुडीच्या वेळात कळलं. आता ती "त्या थांबणाऱ्या माणसाचं लाव" म्हणून सांगते आणि बरोबर 'व्हाल्स' लागेपर्यंत वाट पाहते.

माझ्या स्वतःच्या वाजवण्यात एक फरक पडला आहे, तो लिहून ठेवते. साथ करताना गायकाने ओळ सोडली की ती जागा भरून काढायची, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. गायक श्वास घेतो तेवढ्यात आपण त्याचीच जागा पुन्हा घेऊन दाखवायची. जानेवारीत ठाण्यात एका घरगुती बैठकीत साथीला होते. मारवा चालू होता. गायिकेने धैवतावर सूर धरला आणि सोडला, आणि मी काहीच वाजवलं नाही. फक्त तिचा सूर हवेत विरत असताना तोच धैवत अगदी कमी भात्यावर खाली धरला. किती कमी, तर पट्टीतून वारा जास्त आणि सूर कमी. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग पुढची अख्खी बढत तिने तशीच मोकळ्या जागा सोडत केली. कार्यक्रमानंतर ती म्हणाली, "आज पेटी फार लांबून येत होती, छान वाटलं." मी घरी येऊन रात्री पुन्हा तो चौथा तुकडा लावला. या वेळी व्हायोलिनं कुठे सुरू होतात ते शोधलं नाही.

घ्यावा का? ज्यांना गाण्याच्या साथीत रस आहे, पेटी, सारंगी किंवा व्हायोलिन वाजवतात, त्यांनी नक्की घ्यावा. एकदा ऐकून मत बनवू नये. कानावर बसणारे हेडफोन, रात्रीची वेळ, आणि सुरुवात 'व्हाल्स'पासून. लोकलमध्ये ऐकणार असाल तर निदान पंधरा-वीस वेळा घरी ऐकून झाल्यावर. मग जे ऐकू येत नाही ते कान आपणहून भरतो. आता मला घणसोलीच्या आसपासही पियानो ऐकू येतो.

एव्हन्स आणि ओगरमन या दोघांचा १९७४ सालचा 'सिम्बायोसिस' नावाचा मोठा अल्बम आहे, तो मात्र सगळा ओगरमन यांनीच लिहिलेला. गेल्या आठवड्यात आणला. आतापर्यंत दोनदाच ऐकला आहे आणि दुसऱ्या वेळेलाही मध्येच उठून गॅस बंद करावा लागला. त्याच्याबद्दल पावसाळ्यानंतर लिहीन.