मधुमेह असताना घेतलेली ई आणि सी जीवनसत्त्वे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

मूल होत नाही म्हणून आम्ही दोघांनी तपासण्या करून घेतल्या, तेव्हा पत्नीचे सगळे रिपोर्ट व्यवस्थित आले आणि माझ्या वीर्यतपासणीत शुक्राणूंची संख्या ठीक, पण हालचाल कमी निघाली. एकूण गतिशीलता ३१ टक्के होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या आवृत्तीत तिची खालची मर्यादा ४२ टक्के धरली आहे. मला टाइप २ मधुमेह आहे आणि त्या वेळी एचबीए१सी (मागच्या सुमारे तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.८ होते. डॉक्टरांनी रात्रीच्या जेवणानंतर जीवनसत्त्व ईची ४०० मिलिग्रॅमची कॅप्सूल आणि सकाळी जीवनसत्त्व सीची ५०० मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली. त्याच सुमारास मधुमेहाच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोस वाढवला आणि रात्रीचा भात बंद केला. ही शेवटची गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

या गोळ्यांमागचा तर्क पटण्यासारखा आहे. रक्तातली साखर सतत चढलेली राहिली की पेशींमध्ये मुक्त मूलके (पेशींना इजा करणारे अस्थिर रेणू) जास्त तयार होतात. शुक्राणूच्या पटलात, म्हणजे बाहेरच्या आवरणात, बहुअसंतृप्त मेदाम्ले भरपूर असतात आणि तीच ऑक्सिडीकरणाने लवकर बिघडतात. शिवाय पक्व शुक्राणूत पेशीद्रव फारसा उरलेला नसल्याने त्याची स्वतःची बचावयंत्रणा तुटपुंजी असते. ई मेदात विरघळत असल्याने पटलातच राहून हे ऑक्सिडीकरण रोखते. सी पाण्यात विरघळते, वीर्यद्रवात त्याचे प्रमाण रक्तद्रवापेक्षा कितीतरी जास्त असते, आणि वापरले गेलेले ई ते पुन्हा कामाला लावते. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस आणि बाहेर पडण्याआधी परिपक्व व्हायला आणखी काही दिवस लागतात, म्हणून फेरतपासणी तीन महिन्यांनंतरच करतात. पंधरा दिवसांत गुण आल्याचे सांगणाऱ्या जाहिरातींवर याहून वेगळे काही बोलायची गरज नाही.

कॅप्सूलचा त्रास काहीच झाला नाही. सीच्या गोळीने मात्र रिकाम्या पोटी छातीत जळजळ होई, म्हणून ती नाश्त्यानंतर घेऊ लागलो. चघळायच्या गोळ्यांत बहुधा साखर असते. मधुमेहींनी पाकिटावरचे घटक वाचून गिळायची गोळी मागावी.

खरी अडचण वेगळीच निघाली. काही आठवडे मी दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावला होता. मध्येच सर्दी झाली म्हणून पाण्यात विरघळणारी एक हजार मिलिग्रॅमची सीची गोळी घेतली, आणि त्या दुपारी सेन्सर १८४ दाखवत असताना प्रयोगशाळेत शिरेतून घेतलेल्या रक्ताचा आकडा १५९ आला. एका आकड्यावरून नियम काढता येत नाही, पण जास्त मात्रेतल्या सीमुळे आकडा खोटाच वाढू शकतो, असे काही सेन्सरच्या माहितीपत्रकांत स्पष्ट छापलेले असते. अशा आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिन जास्त टोचले तर साखर एकदम खाली जाण्याचा धोका आहे. मला हे औषधाच्या दुकानात कुणी सांगितले नाही.

फेरतपासणीत गतिशीलता ४४ टक्के आली. घरात आनंद झाला आणि श्रेय कॅप्सूलला मिळाले. पण तोवर एचबीए१सी ७ वर आले होते आणि वजनही उतरले होते, त्यामुळे कशाचा वाटा किती, हे माझ्या रिपोर्टवरून ठरत नाही. शिवाय एकाच माणसाचे दोन नमुनेही बरेच वेगळे येऊ शकतात. मोठ्या चाचण्या तर उत्साह कमीच करतात. अमेरिकेतल्या मॉक्सी चाचणीत (२०२०) १७१ पुरुषांपैकी काहींना सी, ई, सेलेनियम, जस्त, फॉलिक अ‍ॅसिड, लायकोपीन असे बरेच काही एकत्र दिले होते, तरी संख्या, गतिशीलता किंवा डीएनएची तूटफूट यांत सुधारणा दिसली नाही. त्याच वर्षी २,३७० जोडप्यांवरच्या दुसऱ्या चाचणीत जस्त आणि फॉलिक अ‍ॅसिडने जिवंत जन्मांचे प्रमाण वाढले नाही, उलट पोटाच्या तक्रारी वाढल्या. या चाचण्या मधुमेहींपुरत्या नव्हत्या, हे खरे. मधुमेही उंदरांवर ई आणि सीचे निकाल बरे आले आहेत, पण त्यावर माणसाने हजारो रुपयांची पाकिटे घ्यावीत असे मला वाटत नाही. साधी कॅप्सूल तरी स्वस्त आहे.

मधुमेहातल्या दुसऱ्या दोन अडचणींवर ही जीवनसत्त्वे उपाय नव्हेत: ताठरता कमी होणे, आणि मज्जातंतू दुबळे झाल्याने वीर्य उलटे मूत्राशयात जाणे. वीर्य फारच कमी येत असेल तर स्खलनानंतरची लघवी तपासायला सांगावी. ही तपासणी साधी असून अनेकदा राहून जाते.

ईबद्दल आणखी एक गोष्ट विचारात घेतली. सुमारे ३५ हजार पुरुषांवरच्या सिलेक्ट चाचणीत, २०११ साली जाहीर झालेल्या निकालानुसार, रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत प्रोस्टेटच्या कर्करोगाचे प्रमाण १७ टक्क्यांनी जास्त आढळले. ते पुरुष माझ्यापेक्षा वयाने मोठे होते, पण मात्रा साधारण तीच. डॉक्टरांना विचारून मी दुसऱ्या रिपोर्टनंतर दोन्ही गोळ्या थांबवल्या. आवळा आणि पेरू आहारात आहेतच. मेटफॉर्मिनमुळे बी१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, म्हणून ते मात्र तपासून घेतले, ते कमी निघाले आणि त्याची गोळी सुरू आहे.

अजून गर्भधारणा झालेली नाही. पुढची वीर्यतपासणी त्याच प्रयोगशाळेत, तितक्याच दिवसांच्या संयमानंतर, गोळ्या बंद असताना करायची आहे. आकडा चढो वा उतरो, तो इथे नोंदवीन.