जुनी रिओहा: चौकोनी खांद्यांची बाटली की उतरत्या खांद्यांची?

लिलावाच्या यादीत १९६४ किंवा १९७० सालची रिओहा, म्हणजे स्पेनच्या रिओहा प्रदेशातली वाइन, दिसली की एक पेच हमखास पडतो. तिथल्या आरो गावात रेल्वे स्टेशनलगतच्या जुन्या वाइन घराण्यांनी दोन ढंगांच्या रेड वाइन काढल्या आणि त्या दोन आकारांच्या बाटल्यांत भरल्या. लोपेझ दे एरेदिया या घराण्याची तोंदोनिया बोर्दोच्या धाटणीच्या, चौकोनी खांद्यांच्या बाटलीत येते, तर बॉस्कोनिया बर्गंडीसारख्या उतरत्या खांद्यांच्या. कूने या घराण्याचंही तसंच: इम्पेरियल चौकोनी, विन्या रेआल उतरती. घराणं तेच, साल तेच. मग घ्यायची कोणती?

चवीत फरक आहे. तोंदोनियाचा मळा एब्रो नदीच्या वळणावरचा, १९१३-१४ मध्ये लावलेला. वाइन शिडशिडीत, आंबटपणा ताठ, घोट संपल्यावरही चव बराच वेळ रेंगाळणारी. बॉस्कोनिया सिएर्रा कान्ताब्रियाच्या पायथ्याशी असलेल्या एल बॉस्के मळ्यातली, जास्त भरीव. इम्पेरियल रिओहा आल्ता या पोटविभागातली, रेखीव. विन्या रेआल आलावेसा या पोटविभागातली, मऊ. पण हे सगळं तरुण वयात ठळक जाणवतं. पन्नास वर्षं उलटली की अमेरिकन ओकच्या पिंपांचा नारळ-व्हॅनिलाचा वास विरतो आणि तंबाखू, जुनं चामडं, वाळलेली संत्र्याची साल, ओला पालापाचोळा असं काहीतरी उरतं. बाटली झाकून दिली तर दोघींत ओळखणं मला तरी अवघड जातं. निव्वळ चवीवर निवड करायची असेल तर दोन्ही उत्तम, एवढंच म्हणेन.

माझ्यापुरता निकाल लागला तो गाळावर. या वयाच्या वाइनमध्ये तो फार बारीक असतो. बाटली दोन दिवस उभी ठेवली तर तळाशी छान बसतो, पण पहिला पेला ओतून बाटली सरळ केली की पुन्हा हलतो. उतरत्या खांद्यांत त्याला अडायला जागाच नसते. तो अलगद मानेपर्यंत घसरत येतो. तिसऱ्या पेल्यापर्यंत वाइन गढूळ होते, वास दबतो आणि जिभेवर एक कडवट खरखर राहते. ज्या नाजूकपणासाठी एवढे पैसे मोजले, नेमका तोच जातो. चौकोनी खांदा बराचसा गाळ तिथेच थोपवतो.

यावर उपाय नाही असं नाही. मानेखाली मेणबत्ती किंवा टॉर्च धरून सगळी वाइन एकाच धारेत डिकॅन्टरमध्ये, म्हणजे वेगळ्या काचेच्या सुरईत, ओतायची. कढवलेलं तूप गाळताना बेरी खाली राहावी म्हणून हात जपून चालवतो, तसं. मला ते रुचत नाही. जुनी रिओहा उघडताना कुबट, मिटलेली असते. मग पेल्यागणिक खुलत जाते. हा प्रवास बाटलीतून सावकाश प्यायला मिळावा, हेच तर तिचं सुख आहे. डिकॅन्टरमध्ये एकदम हवा लागली की तो घाईनं संपतो. अगदी थकलेली बाटली तर तासाभरात विझलेलीही मी प्यायलो आहे. अर्थात काहींना अशी मोकळी हवा दिलेली वाइनच आवडते, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही.

विकत घेताना आणखी एक फरक पडतो. चौकोनी बाटलीत वाइन मानेत आहे, खांद्याच्या वर आहे की खांद्याच्या मध्यावर आली आहे, हे फोटोतही कळतं. मध्यावर आली असेल, म्हणजे आत बरीच हवा शिरली असेल, तर मी हात लावत नाही. उतरत्या बाटलीत खांदाच नसल्यामुळे बुचापासून किती सेंटिमीटर खाली, असं मोजावं लागतं, आणि विक्रेते तो आकडा देतातच असं नाही. बूच मात्र दोन्हींत सारखंच ठिसूळ. बुचाच्या कडेनं आत सरकणारा दोन पात्यांचा ओपनर नसेल तर बाटली उघडायला घेऊ नका.

सहा-सात जण जमणार असतील आणि बाटली एका दमात संपणार असेल, तर बॉस्कोनिया किंवा विन्या रेआल निःशंक घ्या. माझ्या पाहण्यात बॉस्कोनिया तोंदोनियापेक्षा थोडी स्वस्तही मिळते. पण दोघांनी मिळून अख्खी संध्याकाळ एका बाटलीसोबत घालवायची असेल, तर मी तोंदोनियाच उचलेन. ती नसली तर इम्पेरियल.