कार्ब जिप्सीत एमपीएफआय इंजिन: दोन फ्यूएल पंप, दहा महिन्यांचा वापर

गाडी: कार्ब्युरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुना यांत्रिक भाग) मारुती जिप्सी, टाकी 40 लिटर. बदलून घातलेलं इंजिन: जी13बीबी, 1.3 लिटर एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं), 80 बीएचपी, रेलवर (इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणारी नळी) दाब राखणारा रेग्युलेटर आणि तिथून टाकीकडे रिटर्न, म्हणजे परतीची नळी. पहिले चार महिने (फेब्रुवारी ते मे) टाकीबाहेर चेसिसवर लावलेला, तासाला 255 लिटरचा इनलाइन पंप, नंतरचे सहा महिने टाकीतला छोटा पंप. मिळून नऊ हजार किलोमीटरच्या आसपास, त्यात घाट आणि कच्चे रस्ते भरपूर. इनलाइनच्या वाट्याला उन्हाळा आला आणि टाकीतल्याच्या वाट्याला पावसाळा, त्यामुळे तुलना अगदी समसमान नाही. ऑक्टोबर हीट मात्र दुसऱ्या पंपाने झेलली आहे.

आधी हिशोब, कारण पंप घेताना नेमका तोच कुणी करत नाही. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन फुल थ्रॉटलला एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण 230 ग्रॅम पेट्रोल पितं. 80 गुणिले 230 म्हणजे 18.4 किलो. पेट्रोलची घनता 0.74 धरली तर तासाला 25 लिटर. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) भरत असाल तर इथेनॉलमुळे तेवढ्याच हवेला सहा-सात टक्के जास्त इंधन लागतं, म्हणजे 27. जुना फिल्टर, पडलेलं व्होल्टेज, पंपाचं वय यांच्यासाठी वर निम्मी भर घातली तरी 40 लिटरच्या पुढे जात नाही. म्हणजे 3 बार दाबावर तासाला 60 ते 100 लिटर देणारा पंप या इंजिनाला पोटभर आहे. बाजारात मात्र 'इंजिन बदललंय' म्हटलं की दुकानदार 255 लिटरचाच डबा पुढे सरकवतो.

डब्यावरचा आकडा वाचताना एक बघावं: तो कोणत्या दाबावरचा आहे? खुल्या तोंडाने 120 लिटर देणारा पंप 3 बारवर बराच कमी देतो. दाब आणि व्होल्टेज लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. आणि कार्ब्युरेटरच्या गाडीला लावतात तो टिकटिक करणारा छोटा इलेक्ट्रिक पंप इथे चालत नाही, तो अर्धा बारही धड देत नाही.

मोठा पंप घेतला तर बिघडलं कुठे, जास्तीचं पेट्रोल परतच जाणार ना? जातं, पण कसं जातं ते बघा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) इंजिन तासाला लिटर-दीड लिटर पितं. उरलेलं सगळं, म्हणजे अडीचशे लिटर, रिटर्न लाइनमधून परत. जुन्या मारुतीच्या मेकॅनिकल पंपाला तीन नळ्या असतात, त्यातली परतीची अगदी बारीक. 5 मिमी आतल्या व्यासाच्या तीन मीटर नळीतून एवढं पेट्रोल ढकलायला जवळजवळ पाऊण बार दाब लागतो. रेग्युलेटर पूर्ण उघडला तरी त्याच्या पुढेच तुंबलेलं असल्यामुळे रेलचा दाब खाली येत नाही. या गाडीत आयडलला रेग्युलेटरला इंजिनकडची व्हॅक्युम नळी जोडलेली असताना गेजवर 2.4 ते 2.5 बार दिसायला हवं होतं, दिसत होतं 3.1. परिणाम: प्लग काळे, सायलेन्सरला पेट्रोलचा वास, सकाळी पहिल्या मिनिटाला धूर. ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) इंजेक्टर उघडण्याचा वेळ कमी करत जातो, पण त्यालाही मर्यादा आहे. रेग्युलेटर खराब समजून बदलला, काडीचा फरक नाही. रिटर्न 8 मिमीची केल्यावर दाब 2.5 वर आला. व्यास दीडपटीपेक्षा थोडा वाढला, अडथळा दहाव्या हिश्शावर आला.

दुसरी गोष्ट उष्णतेची. 255 लिटरचा पंप 40 लिटरची टाकी साडेनऊ मिनिटांत एकदा फिरवतो. प्रत्येक फेरीत पेट्रोल इंजिनच्या रेलपाशी तापून परत येतं. मे महिन्यात दुपारी, टाकी पावच्या खाली, घाट चढून गाडी दहा मिनिटं बंद ठेवली की पुन्हा सुरू करताना पंपाचा आवाज चिरका व्हायचा, गेजचा काटा थरथरायचा आणि तिसऱ्या गियरला चार हजार आरपीएमच्या पुढे गाडी झटके द्यायची. याला पंप गेला म्हणत नाहीत. तापलेल्या पेट्रोलची नळीतच वाफ होते आणि पंप वाफ चावत बसतो.

इथेच इनलाइन पंपाचं खरं दुखणं आहे. हे पंप ढकलण्यात पहिलवान आणि ओढण्यात लंगडे. त्यामुळे ढकलण्याच्या बाजूपेक्षा ओढण्याच्या बाजूकडे दुप्पट लक्ष द्यावं लागतं. पंप टाकीच्या तळाच्या खाली आणि शक्यतो फूटभराच्या आत हवा. टाकीतून पंपापर्यंतची नळी किमान 10 मिमी, 12 असली तर उत्तम; कार्ब टाकीचा जुना पिकअप पाइप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) तेवढा रुंद नसतो, तो बदलावाच लागतो. पंपाच्या आधी फक्त जाळीचा फिल्टर, 100 मायक्रॉनच्या आसपासचा. 10 मायक्रॉनचा कागदी फिल्टर पंपानंतर. अनेक गॅरेजमध्ये 'पंप वाचावा' म्हणून कागदी फिल्टर आधी बसवतात. तो अर्धा चोक झाला की पंप उपाशी राहतो आणि त्यानेच मरतो. एक्झॉस्टपासून 15 ते 20 सेंमी अंतर, मध्ये पत्र्याची आड. खाली रबरी माउंट, नाहीतर पूर्ण बॉडी गुणगुणते. रबर घालूनही 60 च्या खालच्या वेगात आवाज ऐकू येतच होता.

एवढं सगळं नीट केलं तरी कार्ब टाकीत एक उणीव राहतेच. तिच्या आत पेट्रोल धरून ठेवणारी वाटी नसते. कार्ब्युरेटरला फरक पडत नाही, त्याच्या बाउलमध्ये काही सेकंदांचा साठा असतो. इंजेक्शनला तो साठा नाही. टाकी पावच्या खाली आणि गाडी तीव्र चढावर किंवा आडवी कलली की पिकअप उघडा पडतो, पंपात हवा जाते, इंजिन तत्क्षणी मरतं. उपाय दोन: लिटर-दीड लिटरची सर्ज टाकी (मधली छोटी साठ्याची टाकी) आणि तिच्यात पेट्रोल भरणारा वेगळा कमी दाबाचा पंप, किंवा सरळ टाकीतला पंप. पहिल्यात दोन पंप, दुप्पट जोड, दुप्पट गळतीच्या जागा. रेससाठी ठीक. रोजच्या जिप्सीत हा उपद्व्याप कशाला?

म्हणून जूनमध्ये एमपीएफआय जिप्सीची टाकी पंपासकट बसवली. जुनी टाकी कापून भोक पाडायचा विचार असेल तर एकच सांगणं: रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक असते, कारण आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते. घरी ग्राइंडर लावायचा नाही. टाकी बदलताना बोल्टची भोकं, फिलर पाइपचा कोन आणि वाफेच्या नळ्या आधी ताडून घ्याव्यात. पेट्रोल गेजचा सेंडर (टाकीतली पातळी मीटरला कळवणारा भाग) जुन्या मीटरशी जुळतो का ते मल्टीमीटरने टाकी बाहेर असतानाच बघावं: फ्लोट वर-खाली करून दोन्ही टोकांचा ओहम मोजा आणि जुन्या सेंडरशी ताडा. नंतर काटा उलटा फिरला तर टाकी पुन्हा उतरवणं आलं.

के-सिरीज इंजिन घालणाऱ्यांसाठी वेगळं: त्यात रेलवरून रिटर्न नसतो, रेग्युलेटर टाकीतल्या मॉड्यूलमध्येच, म्हणजे पंपाच्या एकत्र संचातच, असतो. तिथे नुसता पंप न घेता पूर्ण मॉड्यूल घ्या, म्हणजे इंजिनला हवा तोच दाब मिळतो.

टाकीतल्या पंपाचा अनुभव सरळ आहे. पेट्रोलमध्ये बुडालेला असल्यामुळे ओढण्याचा प्रश्न मिटतो, पेट्रोलच त्याला थंड ठेवतं आणि वंगणही पुरवतं. चावी फिरवल्यावर दोन सेकंद मंद गुणगुण, नंतर आवाज नाही. पहिल्या आठवड्यात करंट 3.9 अँपिअर होता, सहा महिन्यांनी 4.1. इनलाइन 7 च्या आसपास घ्यायचा. करंट हळूहळू चढत असेल तर पुढचा फिल्टर चोक होतोय. करंट उतरत असेल आणि दाबही पडत असेल तर पंप झिजलाय किंवा आत हवा घेतोय. क्लॅम्प मीटरने दोन मिनिटांचं काम आहे, दर सर्व्हिसला करावं.

वायरिंगमध्ये मात्र सुरुवातीला कंजुषी झाली होती. जुन्या हार्नेसमधल्या 0.75 चौरस मिमी वायरवर इनलाइन पंप चालवला तेव्हा बॅटरीवर 13.8 व्होल्ट आणि पंपाच्या टर्मिनलवर 12.1. एवढ्यात पंपाचा पुरवठा चांगलाच घसरतो. बॅटरीपासून 15 अँपिअरचा फ्यूज, रिले (इशाऱ्यावर चालणारा विजेचा स्विच), 2.5 चौरस मिमीची वायर आणि रंग खरवडून चेसिसला घट्ट अर्थ, एवढं केल्यावर तूट अर्ध्या व्होल्टच्या आत आली. रिलेला ट्रिगर ईसीयूकडूनच द्यायचा. ईसीयू चावी ऑनला दोन-तीन सेकंद पंप चालवतो आणि नंतर इंजिन फिरत असेल तरच चालू ठेवतो. इग्निशनवरून थेट सप्लाय दिला तर अपघातात इंजिन बंद पडूनही फुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल फवारत राहतो. असं थेट वायरिंग केलेल्या गाड्या सर्रास दिसतात आणि करून देणारे ते अभिमानाने सांगतात.

नळ्यांबद्दल तडजोड नको. कार्ब्युरेटरची साधी रबर नळी एसएई 30आर7 दर्जाची असते, ती 3 बारच्या कामाला नाही. टाकीबाहेर 30आर9 आणि इंजेक्शनच्या गोल क्लिप. स्क्रूच्या पट्टीच्या क्लिप नळी कापतात. टाकीच्या आत बुडणाऱ्या तुकड्यासाठी 30आर10 लागते. 30आर9 फक्त आतून पेट्रोल सोसते, बाहेरून बुडवली की काही महिन्यांत फुगून मऊ होते, टाकीतच गळते, आणि बाहेर थेंबही न दिसता दाब पडतो.

बसवल्यावर तपासायची पद्धत: रिटर्न नळी टाकीच्या बाजूने सोडून मोजपात्रात धरा, रिलेला जंपर मारून पंप 30 सेकंद चालवा. 90 लिटरच्या पंपाने 750 मिली यायला हवं. या इंजिनाला 500 च्या खाली आलं तर कारण शोधायला लागा. जवळपास ठिणगी नको, अग्निशामक हाताशी हवा. मग इंजिन बंद करून दाब बघा. तो लगेच पडत असेल तर सप्लायची रबर नळी चिमटा लावून बंद करा. आता दाब टिकला तर पंपाचा चेक व्हॉल्व (पेट्रोल मागे न जाऊ देणारी झडप) गळतोय. नाही टिकला तर रिटर्न बंद करून बघा. तिथे टिकला तर रेग्युलेटर. दोन्हीकडे पडला तर इंजेक्टर.

सहा महिन्यांत तक्रार एकच आली. ऑगस्टमध्ये पाऊणेक तास चालल्यावर गाडी मरगळायची, टाकीचं झाकण उघडलं की 'फुस्स' करून हवा आत जायची आणि पुन्हा ठीक. वाफेच्या नळीच्या तोंडात चिखल बसला होता, त्यामुळे टाकीत निर्वात होत होता. नळीचं तोंड वर वळवलं, तेव्हापासून नाही.

पहिला फिल्टर 500 किलोमीटरला बदला. जुन्या फिलर पाइपातला गंज सुटून आलेला असतो, कापल्यावर आत नारिंगी गाळ दिसतो. दुसरा इथे 5,000 ला काढला, तो बऱ्यापैकी स्वच्छ होता.