प्राण्यांच्या जीवनचक्राचा खेळसंच: आठ महिने वापरल्यावर

बेडूक, फुलपाखरू, कोंबडी आणि समुद्री कासव; प्रत्येकाच्या चार अवस्था, म्हणजे १६ प्लास्टिकचे प्राणी. सोबत खणांचा ट्रे, चित्रांची कार्डं आणि पाण्यात फुगणाऱ्या मण्यांची पुडी. कोल्हापुरातल्या एका बालवाडीत ३ ते ५ वर्षांच्या मुलांसोबत जून ते जानेवारी हा संच वापरात होता.

ती पुडी आधी काढून टाका. हे मणी गिळले गेले तर पोटात फुगून आतडं अडवतात आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसतही नाहीत. बेडकाच्या अंड्यांसाठी सब्जा त्यापेक्षा कितीतरी सरस आहे. परातीत १ लिटर पाणी घेऊन ३ मोठे चमचे सब्जा भिजवा. वीसेक मिनिटांत मधे काळा ठिपका, भोवती बुळबुळीत पारदर्शक आवरण असा हुबेहूब पुंजका तयार होतो. मुलांच्या हातात तो भिजलेलाच द्यायचा, कारण कोरडं बी नाकात गेलं की तिथेच फुगतं. खेळून झालं की त्याच दिवशी फेकायचा. रात्रभर ठेवला तर आंबून वास मारतो.

आता संचाची खरी अडचण. चार अवस्था म्हणजे चार वेगळ्या वस्तू. मूल त्या बरोबर क्रमाने मांडतं, आपण शाबासकी देतो, पण बेडूकमासा आणि बेडूक हा एकच जीव आहे हे त्याला उमगलेलं नसतं. अळी कुठे गेली असं विचारलं तर ते ट्रेमधल्या अळीकडे बोट दाखवतं. बरोबरच आहे, ती तिथेच तर पडलेली असते!

हे सुटतं कणकेच्या गोळ्याने. २ वाट्या कणीक, अर्धी वाटी मीठ, १ चमचा तेल, पाऊण वाटी पाणी थोडं थोडं घालत मळायचं. प्रत्येकाला लिंबाएवढा गोळा. त्यातल्या चिमटीभर कणकेचं अंडं, त्याचीच अळी. अळीने पान 'खाल्लं' की गोळ्यातली आणखी चिमूट तिला जोडायची. असं सात-आठ वेळा केलं की अळी जाडजूड होते. मग तीच दाबून कोष, आणि त्याच कोषातून पंख ओढून काढायचे. वाढ खाण्यामुळे होते आणि कोषात नुसतं रूप पालटतं, हे बोटांना कळतं. बेडकालाही हीच रीत: आधी मागचे पाय, मग पुढचे, आणि शेपटी अंगात दाबून जिरवायची. मुलं ती तोडायला जातात, तिथे थांबवा. शेपटी गळत नाही, शरीरातच शोषली जाते.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र या कणकेला पाणी सुटतं. आपल्याकडच्या दमट हवेत मीठ ओल धरतं. तेव्हा मीठ पाव वाटीवर आणायचं आणि रोज ताजी कणीक मळायची.

कोंबडीच्या कार्डावर पिवळ्या बलकाचंच पिल्लू होताना दाखवलंय, ते चूक. पिल्लू बलकावरच्या बारीक पांढुरक्या ठिपक्यातून वाढतं, बलक हा त्याचा डबा. अंडं उबायला साधारण २१ दिवस लागतात, म्हणून दोरीला २१ चिमटे लावून रोज एक काढायचा. सोमवारी दोन, रविवारचा धरून. खुराड्यासाठी भाताचं पिंजर घ्या. उसाचा पाला आपल्याकडे फुकट मिळतो खरा, पण त्याच्या कडा हात कापतात. कासवाला ओली वाळू पुरते.

टिकाऊपणा बरा. पोकळ प्राण्यांच्या पोटाला भोक असतं, त्यातून पाणी शिरून आत काळी बुरशी धरते. नवे असतानाच हॉट ग्लूने भोकं बुजवा. बेडकाच्या पायांचा रंग तिसऱ्या महिन्यात उडाला. कोमट पाणी आणि साबण पुरे, उकळतं पाणी नको.

फुलपाखरू परदेशी आहे, अमेरिकेतलं मोनार्क. ते बाजूला ठेवून कढीपत्त्याची किंवा लिंबाची, औषध न फवारलेली एक कुंडी आणा. पावसाळ्यात लिंबावरचं फुलपाखरू कोवळ्या पानांवर एकेक पिवळसर अंडं घालतं. लहान अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचली की डोक्यामागून नारिंगी शिंग बाहेर काढून उग्र वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, त्याच्याही अळ्या लिंबाच्या जातीच्या झाडांवर वाढतात. कुंडीवर मच्छरदाणीचं कापड टाकलं की पक्षी अळी उचलत नाहीत. मंडईतला कढीपत्ता तोडून अळीला घालू नका. धुतला तरी फवारणीचा अंश राहतो आणि अळी दुसऱ्या दिवशी मरून पडते.