रेरा नंबर होता, बिल्डिंगला परवानगीच नव्हती

डोंबिवली पूर्वेला नांदिवलीकडे वन बीएचके बघायला गेलो तो २०२१ सालचा एक रविवार. तेव्हा आम्ही ठाकुर्लीला भाड्याने राहायचो. मुलगी दुसरीत जाणार होती आणि अकरा महिने संपत आले की घरमालक काय म्हणतो याची धाकधूक असायची. एजंट म्हणाला, "सर, शेअर रिक्षाने स्टेशन पंधरा मिनिटं, खाली दूध-भाजी, शाळा पलीकडच्या गल्लीत. अजून काय पाहिजे?" यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. परिसर त्याने खराच दाखवला. पाण्याच्या टँकरचं तेवढं बोलला नाही.

फ्लॅट चौथ्या मजल्यावर. हॉलमध्ये दिवाण टाकला की उरलेल्या जागेतून एकाच माणसाने जायचं. पण किचनच्या खिडकीतून छान वारा यायचा. बायको तिथेच उभी राहिली, आणि एजंटने ते बघितलं. किंमत अठ्ठावीस लाख. मानपाडा रोडला एवढ्याच जागेचे चाळीसच्या पुढे सांगत होते. एवढा फरक का, तर म्हणे, "हा गावाचा भाग आहे ना सर." इथली २७ गावं २०१५ मध्ये पुन्हा कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली हे माहीत होतं, त्यामुळे मला ते पटलंही.

फाइलमध्ये सातबारा होता आणि बांधकाम परवानगीची झेरॉक्स होती. गोल शिक्का, जावक क्रमांक, खाली सही. रेरा नंबर, म्हणजे गृहप्रकल्पाच्या सरकारी नोंदणीचा क्रमांक, तर त्याने आमच्यासमोर मोबाइलवर टाकून प्रोजेक्ट उघडून दाखवला. मी मान डोलावली. सरकारी साइटवर आहे म्हणजे कुणीतरी तपासलंच असेल! तिथली परवानगी बिल्डरनेच अपलोड केलेली असते, एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही.

सरकारी बँकेतल्या मॅडमनी फाइल चाळली आणि परत दिली. "ओरिजिनल परवानगी आणा, मग बघू." एजंट हसला. "सरकारी बँकांचं असंच असतं, सर." त्याने एका खासगी फायनान्सवाल्याशी गाठ घालून दिली. व्याज दोन टक्के जास्त, पण आठ दिवसांत कर्ज मंजूर. सासरे म्हणाले होते, "बँक उगाच नाही म्हणत नाही हो." तेव्हा मला त्यांचा रागच आला होता.

करार बावीस लाखांचा, वरचे सहा लाख रोख. रोख दिले ही आमची चूक, आज त्याचा एक कागद हातात नाही. स्टॅम्प ड्युटी भरली, दस्त नोंदवला, इंडेक्स टूवर, म्हणजे दस्त नोंदणीच्या उताऱ्यावर, दोघांची नावं आली, पेढे वाटले. पुढे विजेचं मीटर आलं, घरपट्टी आली. यातल्या एकाही कागदाने बेकायदा बांधकाम अधिकृत होत नाही. आमच्या बिल्डिंगमधल्या कितीतरी जणांना आजही वाटतं की होतं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने महापालिकेच्या खोट्या परवानग्या जोडून रेरा नंबर मिळवलेल्या डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती पाडायला सांगितल्या. त्या यादीत आमचं नाव नव्हतं. जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "यादीत नाही म्हणजे खरी आहे असं कुणी सांगितलं?" त्यांनीच माहितीच्या अधिकाराचा अर्ज लिहून घेतला, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. महापालिकेचं उत्तर दोन ओळींचं आलं: सदर जावक क्रमांकाची परवानगी या कार्यालयाच्या अभिलेखात आढळून येत नाही.

दहा रुपये आणि महिनाभर थांबायची तयारी. टोकन देण्याआधी एवढंच करायचं होतं. तुम्ही घेत असाल तर परवानगीवरचा जावक क्रमांक आणि तारीख उतरवून घ्या आणि थेट नगररचना विभागात विचारा. एजंटने दिलेल्या झेरॉक्सवर आणि एजंटनेच आणलेल्या वकिलावर राहू नका. भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीत राहायला पालिकेने दिलेली मंजुरी, "प्रोसेसमध्ये आहे" म्हणाले, तर ते नाही असंच धरा.

बिल्डरचा फोन लागत नाही. पोलिसांत आम्ही अकरा जणांनी मिळून तक्रार दिली आहे. फायनान्सवाल्याकडे गेलो, तर तिथला मुलगा स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला, "बिल्डिंग राहो न राहो, काका, लोन तुमच्या नावावर आहे." पुढचा हप्ता ५ तारखेला.