पहिल्याच भेटीत वर्षभराचा खर्च कागदावर मांडून देणारा दवाखाना

रत्नागिरीतील या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली अडीच वर्षे मी आमच्या शेवंतीला घेऊन येतो आहे. शेवंती ही गावठी कुत्री. पावसजवळच्या आमच्या वाडीत ती मार्च महिन्यात आली, तेव्हा जेमतेम दोन महिन्यांची होती. तिच्या आधीही घरात कुत्रा होताच, परंतु त्याच्यासाठी वेगळे पैसे ठेवावे लागतात हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. उरलेला भात आणि माशांची डोकी खाऊन तो वाढला आणि एका पावसाळ्यात गोचिडांच्या तापाने गेला. रक्ततपासणी आणि औषधे यांचे पैसे वेळेवर उभे राहिले नाहीत, ही रुखरुख आईच्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून शेवंतीच्या पहिल्या लशीच्या वेळीच मी डॉक्टरांना विचारले, की वर्षाला हिच्यासाठी किती रक्कम बाजूला काढून ठेवावी.

डॉक्टरांनी खणातून एक छापील तक्ता काढला आणि माझ्यासमोरच महिन्यांप्रमाणे भरून दिला. मार्च, एप्रिल आणि मे या तीन महिन्यांत एकत्रित लशीचा एकेक डोस, प्रत्येकी ७५० रुपये. रेबीजच्या लशीचे दोन डोस, प्रत्येकी ३००. जंतांची औषधे वर्षभरात मिळून ७५०. चार वेळच्या तपासणीचे १,०००. गोचिडांसाठी ३,००० आणि नोव्हेंबरात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचे ६,५००. एकूण १४,१०० रुपये. प्रत्यक्षात वर्षअखेर माझ्या वहीत १५,०२० रुपये भरले आणि वाढलेले ९२० रुपये पावसाळ्यात चिघळलेल्या कानाचे होते. अंदाज इतका जवळ उतरला, ही या दवाखान्याची सर्वांत मोठी जमेची बाजू मी मानतो.

या तक्त्यात कोकणचा पावसाळा नीट धरलेला आहे, हे विशेष सांगण्यासारखे आहे. एकत्रित लशीत लेप्टोस्पायरोसिसपासून संरक्षण देणारा भाग असतो. हा रोग उंदरांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून व चिखलातून पसरतो आणि माणसांनाही होतो. त्यामुळे दरवर्षीचा डोस मे महिन्यातच, पाऊस सुरू होण्यापूर्वी घ्यावा, अशी नोंद डॉक्टरांनी केली. गोचिडांसाठी त्यांनी चघळण्याची गोळी सुचवली. तिचा परिणाम सुमारे तीन महिने टिकतो, आणि जूनच्या आरंभी एक व ऑगस्टच्या अखेरीस दुसरी दिली की दमट हवेचे सगळे दिवस निभावतात. गोळीची किंमत वजनानुसार बदलते. जूनमध्ये ९ किलोच्या शेवंतीला १,४०० रुपयांची गोळी पुरली, तर सप्टेंबर लागेपर्यंत ती १४ किलोची झाल्याने १,६०० रुपयांची घ्यावी लागली. ही वाढही तक्त्यात आधीच धरलेली होती. शस्त्रक्रियेची रक्कम पाहून मी कचरलो, तेव्हा गर्भाशयात पू होण्याचा आजार उतारवयात उद्भवला तर तीच शस्त्रक्रिया तातडीने, कुत्री अशक्त असताना आणि कितीतरी अधिक खर्चात करावी लागते, हे त्यांनी शांतपणे समजावले. रेबीजची लस २८ सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनी अनेक ठिकाणी मोफत टोचली जाते, हेही त्यांनी स्वतःहून सांगितले. स्वतःचे उत्पन्न कमी करणारी माहिती देणारा डॉक्टर मला मोलाचा वाटतो.

खाण्याच्या रकान्यात त्यांनी आकडा घातला नाही, तो आम्हीच भरायचा होता. आमच्याकडे तांदूळ, कोंबडीचे मांस, अंडी आणि स्वस्त मिळेल ती बारीक मासळी, सगळे मीठ-मसाल्याविना शिजवून, महिन्याला साधारण २,२०० रुपयांत बसते. मात्र १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि त्या दोन महिन्यांत हाच खर्च ३,००० च्या वर जातो. खारवलेली सुकी मासळी त्यातील मिठामुळे देऊ नका, असे डॉक्टरांनी आईला बजावले, तेव्हा आता कोंबडीवरच भागवावे लागते.

तक्त्यातली उणीव मला दुसऱ्या वर्षी कळली: त्यात तातडीच्या खर्चाची ओळच नव्हती. सप्टेंबरच्या एका संध्याकाळी कातळावरून परतलेल्या शेवंतीच्या नाकपुडीजवळ दोन बारीक ठिपके होते आणि तासाभरात तोंड दुप्पट सुजले. फुरसे हा विषारी साप चावला असणार, हे आमच्या भागात कोणालाही सांगावे लागत नाही. दवाखाना बंद होण्याच्या वेळेस आम्ही पोहोचलो. डॉक्टरांनी काचेच्या स्वच्छ नळीत थोडे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता उभी ठेवली. नंतर नळी तिरकी केली, तेव्हा रक्त गोठलेले नव्हते, पाण्यासारखे काचेवरून ओघळले. विषाने रक्त गोठण्याची क्रियाच थांबवली होती. त्या रात्री प्रतिविषाच्या तीन कुप्या, सलाइन आणि पुन्हा रक्ततपासणी मिळून ६,८५० रुपये झाले. शेवंती वाचली. डॉक्टर मध्यरात्र उलटेपर्यंत तिच्याजवळ बसून होते, याबद्दल मी त्यांचा कायम ऋणी राहीन. परंतु माझ्या खिशात त्या वेळी दोन हजारच होते, उरलेले पैसे मुलाने मुंबईहून मोबाइलवरून पाठवले, आणि ज्याला असे पाठवणारे कोणी नाही त्याने काय करावे, हा विचार परतीच्या वाटेवर माझ्या डोक्यातून जाईना.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत. पावतीवर पुष्कळदा नुसते ‘औषधे’ असे लिहून एकच रक्कम टाकली जाते. मागितल्यावर तपशील मिळतो, पण तो मागावा लागू नये. सोनोग्राफीची सोय येथे नाही. त्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूरला, म्हणजे सुमारे १३० किलोमीटर जावे लागते आणि गाडीभाडे तपासणीच्या खर्चापेक्षा जास्त होऊ शकते.

सापाच्या प्रसंगानंतर मी पोस्टात शेवंतीसाठी दरमहा ६०० रुपयांची आवर्ती ठेव सुरू केली आहे. यंदा मे महिन्यात नवा तक्ता भरून घेताना त्यात ‘तातडीचा खर्च’ अशी एक ओळ असावी, अशी विनंती मी केली आणि डॉक्टरांनी ती माझ्या कागदावर पेनाने लिहूनही दिली. ती ओळ पुढच्या छपाईत सर्वांच्या तक्त्यात यावी आणि तिच्यासमोर सर्पदंशाच्या उपचारांचा सध्याचा अंदाजही द्यावा, एवढीच माझी सूचना आहे.