‘रॅक एसी’ म्हणून विकलं आणि त्यानेच खोली तापली – घरी सर्व्हर ठेवणाऱ्यांनी पैसे देण्याआधी हे वाचा

परवा वर्ध्याच्या एका ओळखीच्या फोटोग्राफर पोराने मला एक क्वोटेशन पाठवलं, दादा हे घेऊ का म्हणून, आणि ते उघडलं तर पोटात गोळाच आला, कारण त्यातला रॅकचा (सर्व्हर बसवायच्या लोखंडी कपाटाचा) फोटो मला फसवणाऱ्या दुकानदाराच्या क्वोटेशनमधलाच होता, ‘कम्प्लीट कूलिंग पॅकेज’ हे शब्द तेच, खाली दोन वर्षांची वॉरंटी तीच, फक्त दुकानाचं नाव वेगळं आणि रक्कम चार हजारांनी जास्त. त्याला लगेच फोन करून थांबवलं. पण असे अजून किती जण असतील काय माहीत, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार चालू आहे.

मी नागपूरला राहतो, लग्नाचे व्हिडिओ करतो. फोरके मध्ये शूट सुरू केल्यापासून एका लग्नाचा डेटा सहज एक टीबीच्या आसपास जातो आणि लोक दोन-दोन वर्षांनी फोन करून सांगतात की आमचे बाबा गेले, त्यांचं जेवढं फुटेज असेल तेवढं द्या. म्हणून मी काहीच डिलीट करत नाही. एक्सटर्नल हार्ड डिस्कचा ढीग झाला होता, तेव्हा एक रिफर्बिश्ड टू-यू (यू हे रॅकमधलं उंचीचं माप) सर्व्हर घेतला, म्हणजे डेटा ठेवायचा सतत चालू राहणारा कॉम्प्युटर, आठ डिस्कचा, सोबत एक नेटवर्क स्विच, कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग ठेवणारा एनव्हीआर आणि यूपीएस. सर्व्हर चांगला निघाला, त्याच्याबद्दल तक्रार नाही. प्रश्न होता ठेवायचा कुठे. वरच्या मजल्यावर दहा बाय दहाची खोली रिकामी होती, डोक्यावर डायरेक्ट स्लॅब. नागपूरचा मे महिना सांगायला नको, पारा ४५ च्या घरात जातो आणि स्लॅब रात्री बारापर्यंत गरम हवा सोडत राहतो.

मार्चमध्ये एका दुकानदाराकडे चौकशी केली. माणूस बोलायला एकदम गोड. घरी येऊन खोली बघून गेला, मोबाईलवर फोटो काढले, म्हणाला, ‘भाऊ, पूर्ण खोलीला एसी लावायची काय गरज, रॅकलाच एसी लावून देतो ना, तुमचं लाईट बिल वाचेल.’ ही गोष्ट मला पटली, आणि खरं सांगायचं तर तेच ऐकायची माझी इच्छा होती. बारा-यू चा सर्व्हर रॅक, रॅक एसी, पंखे, पीडीयू (रॅकमध्ये वीज वाटणारी सॉकेटची पट्टी), फिटिंगसकट ४६ हजार. बिल घेतलं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल, कशाला देता, वॉरंटी मी बसलोय ना इथे. ३० हजार ॲडव्हान्स यूपीआयने दिले, आणि पैसे पाठवताना स्क्रीनवर दुकानाच्या नावाऐवजी भलत्याच माणसाचं नाव आलं तर म्हणाला भाच्याचं खातं आहे. इथेच थांबायला पाहिजे होतं.

रॅक आला तेव्हा मी एका शूटवर होतो, घरी फक्त आई. दोन पोरं आली आणि फिटिंग करून गेली. संध्याकाळी येऊन बघतो तर सर्व्हर रॅकमध्ये बसलाय खरा, पण रॅकचं मागचं पत्र्याचं पॅनल ग्राइंडरने कापून तिथून सर्व्हरचं शेपूट बाहेर काढलेलं. आधी वाटलं केबलसाठी जागा केली असेल. नंतर टेप लावली तेव्हा कळलं की रॅकची पुढून मागेपर्यंतची लांबी ५५० मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेएकवीस इंच, आणि माझा सर्व्हर अठ्ठावीस इंच लांब. तो सर्व्हर रॅक नव्हताच, भिंतीवर लावायचा नेटवर्क रॅक होता, स्विच आणि पॅच पॅनलसाठी (केबल जोडायची पट्टी) असतो तो, त्याला खाली चाकं लावून सर्व्हर रॅक म्हणून दिला होता. रुंदी दोघांची सारखीच असते, १९ इंच, आणि एक यू म्हणजे पावणेदोन इंच उंची हेही सगळीकडे सारखं, त्यामुळे फोटोत फरक कळत नाही. फरक लांबीत असतो आणि क्वोटेशनमध्ये नेमकी लांबीच लिहिलेली नव्हती. खऱ्या सर्व्हर रॅकची लांबी बहुतेक ८०० किंवा १००० मिलिमीटर असते, पुढे दोन आणि मागे दोन असे चार खांब असतात आणि सर्व्हर रेल्सवर बसतो. माझा पंचवीस किलोच्या वरचा सर्व्हर नुसत्या पुढच्या दोन कानांवर स्क्रूने टांगलेला होता, मागून खाली झुकलेला.

पण तेव्हा माझं सगळं लक्ष एसीकडे होतं. दुसऱ्या दिवशी दुकानदार स्वतः आला, पांढऱ्या रंगाचा डबा रॅकच्या काचेच्या दाराच्या आत वरच्या बाजूला लावलेला, त्याने तो चालू केला, समोरच्या जाळीत थर्मामीटरची वायर धरली आणि पाच मिनिटांत १७ डिग्री दाखवले. हाताला खरंच गार लागत होतं. आईने पण हात लावून बघितला. मी उरलेले १६ हजार कॅश दिले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डिस्कच्या टेम्परेचरच्या वॉर्निंग यायला लागल्या. ५५, मग ५८. बहुतेक डिस्कची मर्यादा ६० लिहिलेली असते. रात्री अकरा वाजता सर्व्हरच्या तोंडाशी हवा ३९ डिग्री. सर्व्हरमध्ये आत जाणारी हवा किती असावी याबद्दल ॲश्रे नावाच्या संस्थेची शिफारस १८ ते २७ डिग्रीची आहे आणि माझ्यासारखे साधे सर्व्हर ३५ पर्यंत चालवायला परवानगी असते, मी त्याच्याही वर होतो आणि पंखे विमानासारखे ओरडत होते. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, ‘भाऊ, नागपूर आहे, गर्मी तर राहणारच.’ एसी फुल ठेवा म्हणाला. फुल ठेवला तर खोली अजून तापली.

शेवटी आमच्या गल्लीतले एक काका, तीस वर्षं एसी-फ्रिजचं काम करतात, त्यांना बोलावलं. त्यांनी डबा उचलला आणि वजनावरूनच म्हणाले, यात कॉम्प्रेसर नाही. उघडला. आत चार छोट्या चौकोनी पेल्टिअर प्लेट, एक एसएमपीएस (त्यांना वीज पुरवणारं सर्किट), पुढे एक पंखा मागे एक पंखा. ही प्लेट वीज दिली की एका बाजूने गार होते आणि दुसऱ्या बाजूने गरम, पाण्याच्या छोट्या डिस्पेन्सरमध्ये वगैरे असते. एका प्लेटला साधारण ५० ते ६० वॅट लागतात. काकांनी माझा हात पुढच्या जाळीवरून उचलून मागच्या जाळीवर ठेवला आणि पटकन काढून घ्यावा लागला, इतकं गरम. ती गरम हवा बाहेर न्यायला पाईप नाही, काही नाही, ती परत त्याच खोलीत. दुकानदाराने थर्मामीटर फक्त पुढे धरला होता.

हे नीट समजून घ्या कारण पूर्ण फसवणूक इथे आहे. कुठलंही यंत्र थंडी तयार करत नाही, ते उष्णता इकडून उचलून तिकडे टाकतं, आणि टाकताना स्वतः खाल्लेली वीज पण त्यात मिसळते. घरच्या एसीचा गरम भाग म्हणूनच भिंतीच्या बाहेर असतो. जो डबा पूर्ण खोलीच्या आत बसतो आणि ज्याची गरम हवा खोलीतच राहते तो त्या खोलीसाठी हीटर आहे, त्यावर काहीही लिहिलेलं असू द्या. माझी सगळी सिस्टीम ४०० वॅट घेत होती, मीटर लावून बघितलं तर हा डबा २३० वॅट. म्हणजे ४०० वॅटचा ताप कमी करायला मी ६३० वॅटचा ताप करून ठेवला होता. बिलावर पण दिसलं, नुसत्या डब्याचे दिवसाला साडेपाच युनिट, महिन्याचे १६५, सिस्टीमचे २८८ वेगळे, त्यामुळे महावितरणचा ३०० युनिटचा टप्पा पार होऊन वरच्या दराने पैसे गेले.

काचेचं दार ही दुसरी गडबड. सर्व्हर पुढून हवा ओढतो आणि मागून फेकतो. पुढे बंद काच असेल तर हवा येणार कुठून, तो मग फटीतून मागचीच गरम हवा परत ओढतो. रॅकच्या छतावरचे चार इंची पंखे त्यात काही करू शकत नाहीत. ४०० वॅटला हवा १० डिग्रीनेच तापू द्यायची असेल तर मिनिटाला साधारण ७० घनफूट हवा आरपार जायला लागते, आणि पंखा कितीही मोठा लावला तरी खोलीत ४० असेल तर आत ४० च्या खाली येणार नाही. दार जाळीचं पाहिजे, पुढचं पण आणि मागचं पण.

मी तो डबा बंद करून दार काढून ठेवलं आणि खोलीची खिडकी उघडली. पण खरं नुकसान अक्षय तृतीयेच्या आठवड्यात झालं, जेव्हा माझ्याकडे चार लग्नांचं फुटेज एकदम उतरत होतं. रात्री फट्ट आवाज आला आणि सर्व्हरची एक पॉवर सप्लाय गेली. उघडून बघितलं तर आत लोखंडाचा बारीक कीस. ग्राइंडरने पॅनल कापलं तेव्हा पोरांनी सर्व्हर बाहेर काढला नव्हता, तो सगळा कीस त्यांनी आत उडू दिला होता आणि पंख्यांनी ओढून घेतला. दुसऱ्या सप्लायवर सर्व्हर चालू राहिला पण दोन दिवसांत एक डिस्क गेली आणि तिच्या जागी नवीन टाकून रीबिल्ड (गेलेल्या डिस्कचा डेटा नव्या डिस्कवर परत तयार करणं) चालू असताना दुसरी एरर द्यायला लागली. एकतीस तास रीबिल्ड चाललं. त्या एकतीस तासांत मी झोपलो नाही. त्यात एका मुलीचं लग्न होतं जिच्या आजीने खुर्चीवर बसून मंगलाष्टका म्हटल्या होत्या आणि त्या आजी आठच दिवसांनी गेल्या होत्या, आणि त्याची दुसरी कॉपी अजून निघालेली नव्हती. रेड सिक्स (दोन डिस्क गेल्या तरी डेटा वाचतो अशी डिस्कची मांडणी) असल्यामुळे वाचलं. डिस्क उष्णतेनेच गेल्या हे मी सिद्ध करू शकत नाही, रिफर्बिश्ड होत्या, पण महिनाभर ५५ च्या वर भाजल्या होत्या हे लॉगमध्ये आहे.

अजून एक, रॅकला अर्थिंग जोडलेलंच नव्हतं. आईला दाराला हात लावल्यावर झिणझिण्या यायच्या आणि तिला वाटायचं वयामुळे. इलेक्ट्रिशियनने टेस्टर लावल्यावर कळलं. याचा मला पैशांपेक्षा जास्त राग आहे.

आता काय केलं ते सांगतो. खालच्या मजल्यावर उत्तरेकडची खोली रिकामी केली, तिथे स्लॅबचा ताप नाही. चार खांबांची उघडी फ्रेम घेतली, लांबी कमीजास्त करता येणारी, सर्व्हर रेल्सवर बसवला, मागे केबलला सहा इंच जागा सोडली. एक टनाचा साधा इन्व्हर्टर एसी लावला आणि २६ वर ठेवतो. एक टन म्हणजे तासाला १२ हजार बीटीयू, माझ्या ४०० वॅटला १४०० बीटीयू पण लागत नाहीत, बाकीचा एसी खोलीसाठी. डिस्क आता ३८-४० ला असतात. नातेवाईक सांगत होते वाळ्याचा कूलर लाव, आपल्याकडे सगळ्यांच्या घरी तोच चालतो, पण तो ओली हवा मारतो आणि पावसाळ्यात तर कामच करत नाही, मशीनच्या खोलीत मी तो नाही लावला. आणि लाईट गेली की यूपीएसवर सर्व्हर चालू राहतो पण एसी बंद पडतो हे विसरू नका, बंद खोली अर्ध्या तासात तापते, म्हणून दहा मिनिटं लाईट आली नाही तर सर्व्हर आपोआप बंद होईल असं सेटिंग केलंय.

पैशांचं म्हणाल तर दुकानदाराने मे मध्ये माझा नंबर ब्लॉक केला. मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर तक्रार केली, तिथून त्याला विचारणा गेली तर म्हणाला मी या माणसाला काही विकलंच नाही, बिल दाखवा. बिल माझ्याकडे नाही. पण व्हॉट्सॲपवरचं क्वोटेशन आहे, त्याचे व्हॉइस मेसेज आहेत, यूपीआयची पावती आहे, आणि पोरांनी आईची सही घेतलेल्या डिलिव्हरी चलनाचा फोटो आईनेच काढून ठेवला होता. हे सगळं दाखवल्यावर भाच्याच्या त्याच खात्यातून १२ हजार परत आले, ‘एसीचे’ म्हणून, आणि बाकी विसरा असा निरोप. मी विसरलो नाही. जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार टाकलीय, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि वकील केलाच पाहिजे असंही नाही, फक्त दोन वर्षांच्या आत करावी लागते. कापलेलं पॅनल, कीस भरलेली पॉवर सप्लाय आणि तो पांढरा डबा तिन्ही पोत्यात बांधून ठेवलंय, तारीख लागली की घेऊन जाणार. वर्ध्याच्या पोराने त्याला आलेलं क्वोटेशन पण मला दिलंय. तुमच्याकडे कुणाला तसंच आलं असेल, पांढरा डबा, काचेचं दार आणि लांबीचा आकडा गायब, तर ॲडव्हान्स देऊ नका आणि क्वोटेशन डिलीट न करता मला पाठवा, मी तक्रारीला जोडतो.